गेटवेहून शिडाची बोट: सोलापूरकराच्या सहा महिन्यांतल्या चार फेऱ्या

हिप्परग्याच्या तलावापलीकडे पाण्याशी माझा संबंध नाही, पोहायलाही येत नाही. तरी नोव्हेंबर ते एप्रिल गेटवे ऑफ इंडियाहून शिडाच्या बोटीने चारदा बंदरात फिरून आलो. मुलगी मुंबईत नोकरीला लागली, हे निमित्त. सहा माणसांची बोट, दोन तास, तांडेल म्हणजे बोट हाकणारा आणि त्याचा मदतनीस. बोट अख्खी घ्यायची, पैसे आपसांत वाटायचे.

पहिली फेरी वाया गेली, आणि निम्मी चूक माझी. सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरायचं, चहा मारायचा आणि थेट बोट गाठायची, असा आपला सोलापुरी हिशेब. म्हणून दहाची वेळ घेतली. बुकिंगवाला फोनवर म्हणाला, "सकाळी वारा मस्त असतो." कसला मस्त! शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. दोनातला दीड तास इंजिनवर, डिझेलचा वास घेत. पैसे मात्र पुरते घेतले.

खरं सांगितलं ते तांडेलमामांनी. शाळेत घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई उन्हं चढली की मरतो. जमीन तापली की दुपारी खारा वारा सुटतो आणि तीननंतर भरात येतो. मधल्या वेळात, म्हणजे नेमका मी पैसे भरले त्या वेळात, पाणी तव्यासारखं.

जानेवारीत गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, आटोपून पुन्हा गेलो, या वेळी दुपारी साडेतीनला. काठाजवळ ताज आणि कुलाब्याच्या इमारती वारा अडवतात, तिथे शीड नुसतं फडफडतं. जरा बाहेर आलो आणि बोट एकदम कलली. आमच्या सौ.नी माझा दंड असा धरला की वळ उठले! मामा हसले. "वहिनी, खाली जड कणा आहे. वारा कलवतो, वजन सावरतं." पाच मिनिटांनी इंजिन बंद. मग फक्त पाण्याची सळसळ आणि दोऱ्यांची करकर. त्यासाठी साडेचारशे किलोमीटर यावं, इतकं ते चांगलं आहे. मुलीला मामांनी थोडा वेळ सुकाणूही धरू दिलं. फेब्रुवारीची फेरी तशीच झाली. एप्रिलमध्ये वारा आणखी जोरात होता, पण ऊन पाण्यावरून उलटं तोंडावर येतं. सोलापूरच्या उन्हाची सवय तिथे चालत नाही.

बुकिंगच्या आधी पंचांग बघा. चेष्टा नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. भरतीला बोटीत पाय टाकणं सोपं. ओहोटीला खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि तिथून डुगडुगत्या छोट्या होडीत उतरावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर हा मुद्दा वाऱ्याहून मोठा.

लाइफ जॅकेट मागून घ्या आणि पट्टे स्वतः ओढून बघा. 18 डिसेंबर 2024 ला याच बंदरात घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर स्पीडबोट आदळून माणसं गेली. माझ्या फेऱ्यांत एकदा जॅकेटचा चाप तुटका निघाला. बदलून मिळाला, पण मागावा लागला. बोटीत शौचालय नाही. पाणी गढूळ, सुकाणूला प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात. नौदलाच्या जहाजांकडे मोबाइल रोखू नका. आणि शेंगाचटणी-भाकरी उतरल्यावर खा. मेव्हण्याने आधी खाल्ली होती, पुढचं लिहीत नाही.

पावसाळ्यात हे सगळं बंद. सौ.नी आतापासून कोजागरीची संध्याकाळ ठरवली आहे, थर्मासमध्ये मसाला दूध घेऊन. पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणजे सहाला ऐन ओहोटी आणि त्याच पायऱ्या. हे तिला अजून सांगितलेलं नाही.