एसीच्या फवाऱ्यात गेले २१,९०० रुपये

लिहायला लाज वाटते, पण एसीला फवारे बसवून देणारा तो माणूस भुसावळात अजून फिरतोय म्हणून लिहितो.

एप्रिलअखेर आला. एसीच्या बाहेरच्या युनिटभोवती फवारे लावायचे, आत जाणारी हवा आधीच गार होते, कॉम्प्रेसरला जोर कमी लागतो, बिल निम्मं. तत्त्व खोटं नाही, तिथेच तर मी फसलो. आपल्या कोरड्या ४५ अंशांत पाण्याने हवा झकास गार होते, कूलरवर वाढलेल्या माणसाला हे काय सांगायचं! किट ७,८०० रुपये फोनवरून, फिटिंगचे ६०० रोख.

त्याने वायरीला चिमटा मीटर लावला. आधी ७.२ अँपिअर, फवारे सुरू करून वीस मिनिटांनी ३.९. मी खूश! पण त्या वीस मिनिटांत एसीचा रिमोट कोणाच्या हातात होता? त्याच्याच. २० चा आकडा २६ झालेला मी पाहिला. चक्क पाहिला, आणि बायकोला चहा टाकायला सांगितला. इन्व्हर्टर एसी खोली गार झाली की आपोआपच वीज कमी ओढतो. आकडा फवाऱ्याने उतरलाच नव्हता.

आणि ते नोझल! घरची केळीची बाग, ठिबक-फॉगरमध्ये आयुष्य गेलं. शेडनेटमधले तेच प्लास्टिकचे फॉगर माझ्याच भिंतीवर, आणि मी त्याला विचारतो, ‘दादा, इम्पोर्टेड का?’ उन्हाने डोकं चालत नव्हतं, दुसरं काय.

मेचं बिल ४३१ युनिट. गेल्या मे महिन्यात ४३८. जूनमध्ये एसी गार करेना. मेकॅनिकने जाळी उघडली तर पत्र्यांवर पांढरा थर, कॉइल गळकी. ‘बोअरचं पाणी थेट कॉइलवर मारलं का भो?’ कूलरच्या जाळ्यांवरचा क्षार दर उन्हाळ्यात मीच खरवडतो. नवी कॉइल १३,५००. कंपनी म्हणते बाहेरचं काही जोडलं, वॉरंटी गेली. करायचंच असेल तर ओलं पॅड युनिटपासून अंतरावर ठेवा, पाण्याचा थेंब कॉइलला लागता कामा नये.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं आणि ‘हा ग्राहकाचा मामला’ म्हणून वाटेला लावलं. बँकेत विचारतात, पिन तुम्हीच टाकला ना? हो, मीच टाकला, मग चोर मी का? पुन्हा ठाण्यात गेलो तर म्हणे पक्कं बिल आणा. बिल असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? पैसे ज्या खात्यात गेले ते नाव समोर आहे, फोन नंबर चालू आहे, तरी यांना आरोपी सापडत नाही! पक्क्या बिलाशिवाय कोणाला दमडी देऊ नका. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, हेही मला कोणी सांगितलं नाही, भाच्याने शोधून काढलं.

परवा त्या माणसाच्या स्टेटसला आमच्याच गच्चीचा फोटो होता, फवाऱ्याशेजारी मी हसत उभा. खाली लिहिलेलं, ‘समाधानी ग्राहक, भुसावळ’. हवालदाराला दाखवला. म्हणाला, ‘चांगले खूश दिसता की काका.’