‘सुरत फॅक्टरी रेट’च्या स्विमिंग ड्रेसपायी १७,५८० रुपये गेले

नाव-गाव लिहीत नाही, गावात आधीच पुरेशी चर्चा झाली आहे. खान्देशातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी राहते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. यंदा पोहण्याच्या तलावावर बायकांची सकाळची बॅच निघाली आणि भिशीतल्या आम्ही बारा जणींनी नावं दिली. अडलं ते कपड्यांवर. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहायचा ड्रेस इथल्या बाजारात नाही. दुकानात मागायला जावं तर काउंटरवरचा पोरगा वर-खाली बघतो. म्हणून इन्स्टाग्रामवर अशा ड्रेसची ‘सुरत फॅक्टरी रेट’ अशी जाहिरात दिसली तेव्हा मी पुढाकार घेतला, सगळ्यांचे पैसे माझ्याकडे गोळा केले.

सुरतेवर विश्वास ठेवायला आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, या सुरतच्या रेल्वेलाइनीवरच्या कितीतरी घरांत लग्नाचा बस्ता तिथूनच येतो.

पुढचं नेहमीचंच. आधी निम्मे, मग ‘माल पॅक झाला’चा फोटो, मग उरलेले. बारा नग, १,१५० ला एक, म्हणजे १३,८०० रुपये, ६,९०० च्या दोन हप्त्यांत. कुरिअर आणि ‘जीएसटी’ म्हणून १,३८०. माल खराब निघाल्यावर ‘बदलून देतो, डिपॉझिट भरा, परत मिळेल’ म्हणून आणखी २,४००. त्यानंतर नंबर ब्लॉक.

माझ्या डोक्यातून एक फोन जात नाही. मी स्पष्ट विचारलं होतं, “भाऊ, कापड कोणतं आहे? क्लोरीनच्या पाण्यात टिकेल ना?” तो म्हणाला, “भाभी, हंड्रेड पर्सेंट लायक्रा है, क्लोरीन कुछ नहीं बिगाडेगा.” तिथेच सगळं उघडं पडलं होतं! शंभर टक्के लायक्राचा ड्रेस नसतोच. लायक्रा हा ताण देणारा धागा, तो नायलॉनमध्ये किंवा पॉलिएस्टरमध्ये मिसळतात, पुष्कळदा पाचात एक भाग. आणि क्लोरीन नेमका तोच धागा खातं. टिकतं ते पॉलिएस्टर, त्यातही पीबीटी नावाचा प्रकार. ज्याने माल बाद होतो तेच तो गुण म्हणून सांगत होता आणि मी “हो का, मग बरं” म्हणून फोन ठेवला. पण कापड विकणाऱ्याला कापडाचं विचारायचं नाही तर विचारायचं कुणाला? मागे शिलाई मशीनचा खडखडाट ऐकू येत होता. माझ्या जागी कुणीही विश्वास ठेवला असता.

पार्सलमध्ये निघाल्या साध्या कॉटनच्या काळ्या लेगिन्स आणि टी-शर्ट. मानेमागचं लेबल कापलेलं, शिवणीत त्याची पांढरी कड तेवढी राहिलेली. तरी एक जण घालून उतरली. बाहेर आली तेव्हा लेगिन पाणी पिऊन घोट्याखाली लोंबत होती आणि पायरीवर काळा ओघळ. तलावावरच्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं, कॉटन चालणार नाही, धागे फिल्टरमध्ये जातात. आमच्यातल्या काकू म्हणाल्या, “माय वं, हाई कास्ट्यूम शे का लेंगा?” तेव्हा जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

बाहेरून मागवत असाल तर बिल आधी मागा आणि जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा. गुजरातचा नंबर २४ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. माझ्या कोटेशनवर ०७ होतं, म्हणजे दिल्ली! सरकारी जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की नाव फुकट दिसतं.

आता पोलिसांचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. ठाण्यात गेले तर हवालदाराने पहिला प्रश्न विचारला, “पोहायचे कपडे? कसले?” आणि शेजारच्याकडे बघून हसला. मग म्हणाला, गुन्हा सुरतचा, तिकडे जा. जिल्ह्याच्या सायबरवाल्यांनी सांगितलं, रक्कम छोटी आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. बँकेने हात झटकले: पिन तुम्हीच टाकलाय. सतरा हजार छोटी रक्कम? बारा घरांच्या बायकांनी भाजीच्या पैशांतून बाजूला काढलेले आहेत ते! १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, ठाण्याला तक्रार घ्यावीच लागते. हे मी त्यांना सांगितलं तर “बाई, आम्हाला कायदा शिकवू नका.” नोंद केली नाही तर तक्रार लेखी, पोस्टाने एसपींना पाठवता येते. मी स्पीड पोस्टाने पाठवली आहे, पावती जपून ठेवली आहे. ग्राहक आयोगातही आपल्या राहत्या जिल्ह्यात दावा करता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही. तोही करणार आहे.

पैसे परत मिळण्यासाठी पैसे भरा म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. माझे २,४०० तसेच गेले.

आणि ड्रेस हातात घेऊनच घ्या. ताणून उजेडासमोर धरा, आरपार दिसलं तर ठेवून द्या. अंगाला घट्टच हवा, पाण्यात सैल पडतो. उतरायच्या आधी साध्या पाण्याने भिजवा, बाहेर आल्यावर लगेच थंड पाण्यात खळबळा. पिळायचा नाही, मशीनमध्ये नाही, आपल्या मे महिन्याच्या उन्हात तर अजिबात नाही, सावलीत वाळवा.

अकरा जणींचे पैसे मी माझ्या खिशातून फेडले. परवा नणंदेच्या फोनवरून तो नंबर बघितला. चालू आहे, आणि डीपीला आता रेनकोट लावलेत. ‘फॅक्टरी रेट’वाल्या कुणाशी बोलणं चालू असेल तर त्याच्या नंबरचे शेवटचे चार आकडे मला पाठवा, जुळवून सांगते.