१/३५ च्या पडक्या घरासाठी पाच मिमी सनबोर्ड: कुठे चालतो, कुठे नाही

फ्लेक्सवाल्यांकडचा पांढरा पीव्हीसी सनबोर्ड १/३५ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या, युद्धदृश्याच्या मॉडेलमधल्या भिंतींसाठी झकास आहे. भिंती सोडून दुसऱ्या कशाला वापरू नये. शाळेच्या प्रोजेक्टचा, दोन्हीकडून कागद आणि मध्ये फोम असलेला बोर्ड निराळा. दुकानात दोन्हींना सनबोर्डच म्हणतात, म्हणून कड बघूनच घ्यावा.

अख्खी शीट आठ बाय चार फुटांची येते, ती घेऊ नका. घराच्या एका कोपऱ्याला एक बाय दोन फुटांचं कटिंग पुरून उरतं. घेताना कडेला नख दाबायचं. खूण राहिली तर घ्या. नख घसरलं तर माल कडक आहे, त्यावर विटा उमटणार नाहीत.

नमुन्याला सेनिओ नदीकाठचं इटालियन शेतघर धरू, एप्रिल १९४५. त्या नदीच्या बांधावर ९ एप्रिलला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तरी आपल्याकडे जो तो स्टालिनग्राडच करायला बसतो!

या मापात दोन मीटरचं दार ५७ मिमी आणि तीन मीटरचा मजला ८६ मिमी होतो. पन्नास सेंटिमीटरची भिंत १४ मिमी भरते, म्हणजे बोर्डाचे तीन थर. एकाच थराची भिंत उभी केली की घर बिस्किटाचं दिसतं, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते.

विटा कोरायच्या आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने वरची चमक घालवा, नाहीतर पुढे रंग पापुद्र्याने सुटतो. इटालियन वीट २५ × १२ × ५.५ सेंमीची, म्हणजे इथे साधारण ७ मिमी लांब आणि दीड मिमी उंच. सांधा धरून दर २ मिमीला एक आडवी रेघ. कटरने नुसतं हलकं ओरखडायचं, मग शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ रुंद करायची. आधी पेन दाबलं तर कडा फुगतात. बॉम्बने फुटलेल्या कडेवर तीन थरांच्या जोडरेषा उघड्या पडतात. तिथेही विटा कोरा आणि भोकं वॉल पुट्टीने बुजवा. सांध्यांत पातळ पुट्टी भरून पाचेक मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसली की चुना दिसतो.

थर चिकटवायला फेविकॉल नको. दोन पीव्हीसी पत्र्यांमध्ये पाणी कोंडतं आणि मधला भाग कित्येक दिवस ओलाच राहतो. शेतात पाइपलाइन असलेल्या घरात पाइपचं सोल्युशन असतंच, ते लावा. पातळ हात द्यायचा, जास्त झालं तर बोर्ड विरघळून खड्डा पडतो. थर्मोकोलला हे लावाल तर काही उरणार नाही. स्प्रे पेंटचंही तेच: सनबोर्ड तो सोसतो, थर्मोकोल वितळतो. गरम तारेने मात्र हा बोर्ड कापू नका, पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो.

छपराला सनबोर्ड साफ नापास. तिथली कौलं आपल्या नळीच्या कौलांसारखी अर्धगोल असतात. पाच मिमीचा कागदी स्ट्रॉ उभा चिरून १३ मिमीचे तुकडे करा, काम होतं. वाशांनाही बोर्ड नको, लाकडाचा तंतू त्यात येत नाही. त्याला पऱ्हाटीची बारीक, सुकलेली काडी घ्या, सालीसकट झाडालाही चालते.

जमिनीला शेतातली काळी माती फेविकॉलमध्ये कालवू नका. सुकताना ती आकसते आणि दृश्यात उन्हाळ्यातल्या कपाशीच्या वावरासारख्या भेगा पडतात. चहाच्या गाळणीने चाळलेली तापीची वाळू पीओपीत मिसळून थर द्या आणि काळी माती फक्त वरून भुरभुरा.

उरलेला बोर्ड आडवाच ठेवा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलात तर त्याला कमान येते, आणि त्यातून सरळ भिंत निघत नाही.