ओसाकाहून एकच कोफुन बघायचा असेल तर: दाइसेन की इमाशिरोझुका?

कोफुन म्हणजे जपानमधल्या प्राचीन, मातीच्या टेकडीसारख्या समाध्या. अर्धाच दिवस हातात असेल तर साकाईचा दाइसेन बघायचा का ताकात्सुकीचा इमाशिरोझुका, हा प्रश्न मलाही पडला होता. मी दोन्ही केलेत. दाइसेन ४८६ मीटर लांब, जपानमधला सगळ्यात मोठा, २०१९ पासून जागतिक वारशातसुद्धा, म्हणून आईबाबा आले तेव्हा आधी त्यांना तिकडेच नेलं.

तर तिथे समोर तोरी (देवळापुढे असते तशी कमान), पांढरी खडी, कुंपण, मग खंदकाचं पाणी आणि पलीकडे गच्च झाडी. राजघराण्याची समाधी आहे म्हणून आत सोडत नाहीत आणि ते मला पटतं. पण ज्या कुलपाच्या भोकासारख्या आकारासाठी एवढं यायचं तो जमिनीवरून दिसतच नाही हो, आम्ही कडेकडेने अख्खी फेरी मारली, तासभर चाललो, एका बाजूला घरं आणि दुसऱ्या बाजूला झाडं, बास. मग सिटी हॉलच्या २१व्या मजल्यावर गेलो, तिथे फुकट बघता येतं, पण तिथूनही लांबवर एक हिरवी टेकडीच. बाबा म्हणाले, "अरे, पण ते आहे कुठे?" आणि मला बोट दाखवायला काही नव्हतं. ते मला फार लागलं.

इमाशिरोझुका साधारण १९० मीटरचा, म्हणजे निम्म्याहूनही लहान. बहुतेक अभ्यासक म्हणतात सम्राट केइताईची खरी समाधी हीच, पण सरकारी नोंदीत तो मान शेजारच्या इबाराकीतल्या ओता चाउसुयामाला आहे, आणि त्यामुळेच ही जागा बंद झाली नाही, नीट उत्खनन झालं आणि आज आपण थेट वर चढू शकतो. १५९६च्या भूकंपात माती खचली होती, तरी वर चालताना गोल भाग कुठे संपला नि पुढचा कुठे सुरू झाला ते पायांना कळतं.

आणि हानिवा, म्हणजे समाधीवर मांडायच्या मातीच्या मूर्ती! बांधावर दोनशेच्या आसपास प्रतिकृती मूळ जशा होत्या तशा मांडल्यात, घोड्यांची रांग, कोंबडे, सुमो पैलवान, पुजारिणी, उंच छपरांची घरं. आई एका घोड्यापाशी वाकून त्याचं खोगीर, लगाम, गळ्यातल्या घंटा बघत बसली, हलेचना. अस्सल तुकडे शेजारच्या म्युझियममध्ये आहेत, तेही फुकट. तिथेच कळलं की इथल्या तीन दगडी शवपेट्यांपैकी एकीचा गुलाबी दगड पार दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरून आणलेला. दीड हजार वर्षांपूर्वी, समुद्रातून!

दाइसेनला जाऊच नका असं मी म्हणणार नाही, मोझू स्टेशनपासून तो अगदी जवळ आहे आणि एवढं मोठं काम हातांनी उभं केलं हे तिथे उभं राहिल्यावर जाणवतं, शिवाय आसपास छोटे कोफुन बरेच आहेत. पण वेळ एकाचाच असेल, त्यातून सोबत मुलं किंवा वयस्कर माणसं असतील, तर मला वाटतं ताकात्सुकी बरं. जेआर (रेल्वे) ताकात्सुकी स्टेशनहून बस मिळते. फक्त सोमवार टाळा, म्युझियम बंद असतं.