काळ्या रंगाखाली गंज तसाच होता

आमची जीप २००८ ची. वडिलांनी दुधाच्या पैशातून घेतलेली, एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरचं पासिंग. घर प्रयाग चिखलीच्या बाजूला, नदीच्या पट्ट्यात. २०१९ च्या महापुरात जीप वेळेत वर नेऊन लावली होती. जुलै २०२१ ला एका रात्रीत पाणी चढलं आणि आम्ही जनावरं सोडवण्यात गुंतलो. जीप दोन दिवस अर्ध्या दारापर्यंत पाण्यात उभी राहिली.

इंजिनचं काम आमच्या नेहमीच्या मिस्त्रीनं व्यवस्थित केलं. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, सगळीकडचं ऑईल काढून पुन्हा भरलं. पण महिनाभरातच चेसी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पाटे म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, आणि फूटबोर्डाची खालची बाजू लालभडक झाली. पुराच्या गाळाचं हेच असतं. तो सांधीत जाऊन बसतो आणि वरून पत्रा कोरडा दिसला तरी आत ओल धरून ठेवतो.

भाच्याच्या ओळखीतून हायवेलगतच्या एका शेडचा पत्ता मिळाला. नाव लिहीत नाही. शेडवाला पस्तिशीचा, बोलायला गोड. "काका, पूर आलेल्या गाड्यांचंच काम करतोय बघा सध्या. दहा वर्षं हात लावायला नको." त्यानं गंजलेली पट्टी दाखवली. अर्धी तशीच लाल, अर्धीवर काळा चकचकीत रंग. रंगावर हातोडी मारली, पट्टी पान्यात धरून वाकवली, तरी रंगाला तडा गेला नाही. शेजारी रंगाचा सीलबंद डबा. चेसी, पाटे, इंजिन ब्लॉक, गिअरबॉक्स, सगळ्याचे मिळून साडेचौदा हजार.

ती पट्टी खरी होती. असा रंग खरंच मिळतो. हवेतला ओलावा खाऊन तो घट्ट होतो, म्हणून डबा उघडा राहिला तर आतल्या आत दगड होतो. घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर तो बसतो आणि हातोडीलाही दाद देत नाही. माझ्यासमोर खोटी वस्तू ठेवली असती तर मी कदाचित सावध झालो असतो. दाखवली खरी, मारली दुसरीच.

"डब्याचा फोटो काढून ठेवा काका, गॅरंटीला बॅच नंबर लागतो," असं त्यानंच सांगितलं. मी काढला. सकाळी अकराला जीप दिली. थांबतो म्हटलं तर "वास सोसणार नाही तुम्हाला, संध्याकाळी या." पाचला गेलो तर जीप खालून आरशासारखी काळी. छापील गॅरंटी कार्ड मिळालं. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी कशाला भरताय उगाच?" मी गप्प बसलो. ही माझी पहिली चूक.

खरं तर सहा तासांतच ओळखायला हवं होतं. गाळ धुवायचा, मग सांधी पूर्ण वाळू द्यायच्या, सुटा गंज वायर ब्रशनं नाहीतर ग्राइंडरनं काढायचा, तेलकटपणा पुसायचा, पहिला हात मारायचा, तो चिकट असताना दुसरा. नुसतं खरवडायलाच एक दिवस जातो. त्या दिवशी तर सकाळपासून भुरभुर पाऊस होता.

दहा-बारा दिवसांनी आईला घेऊन जोतिबाला निघालो. घाटाच्या दुसऱ्या वळणावर बॉनेटमधून धूर यायला लागला. आई मागच्या सीटवरून ओरडली. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळीवर, काळा रंग बुडबुडे येऊन उकळत होता. थेंब खाली पडत होते. जवळूनच डिझेलचा पाइप गेलेला. मी पाण्याची बाटली हातात धरून उभा होतो आणि ओतायचं धाडस होत नव्हतं, कारण तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर त्याला चीर जाऊ शकते. वीस मिनिटांनी धूर थांबला. ते बुडबुडे आजही डोळ्यांसमोर येतात.

इंजिनला रंग मारणाऱ्याला एवढं माहीतच हवं की ब्लॉकचं पाणी साधारण ९० अंशांच्या आसपास राहतं, तिथे चांगला इंजिन इनॅमल टिकतो. मॅनिफोल्ड मात्र कित्येकशे अंशांपर्यंत तापतं. त्याला सिलिकॉनचा उष्णतारोधक रंगच लागतो, तोही टप्प्याटप्प्यानं तापवून पक्का करावा लागतो. नाहीतर मॅनिफोल्ड मोकळं ठेवतात. आमच्या जीपला एकाच ब्रशनं सगळीकडे तेच फासलं होतं. अर्थिंगची पट्टी काढून तिच्याखालीही रंग मारून पुन्हा कसली होती, त्यामुळे करंट नीट जात नव्हता आणि स्टार्टर रडत होता. ते मिस्त्रीनं पॉलिश पेपरनं घासून सरळ केलं.

शेडवाल्याला फोन केला. "नवीन रंग सेट होतोय काका, एकदाच होतं असं." मी मानलं, आणि दोन पावसाळे गाडी तशीच चालवली.

जुलै २०२३ ला पंधरा वर्षं भरत आली म्हणून पुन्हा पासिंगच्या तयारीला लागलो. त्याला चेसी नंबरची पेन्सिल प्रिंट लागते, म्हणजे नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून काढलेला ठसा. नंबर काळ्या थराखाली गाडलेला. एजंटच्या पोरानं पेट्रोलचं फडकं फिरवलं आणि थर सरळ फडक्यावर आला, तपकिरी काळा, बोटाला ओढला तर तार धरणारा. वास घेतला. रस्ता करताना येतो तो डांबराचा आणि जळक्या ऑईलचा. गंजरोधक रंगाचा त्यात टिपूसही नव्हता. खाली नंबरचे आकडे फुगून आलेले, शेवटचे दोन वाचताच येईनात.

तिथून जीप उद्यमनगरात एका जुन्या वेल्डरकडे नेली. त्यानं खाली झोपून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं चेसी ठोकत नेली. टण, टण, टण, आणि मागचा पाटा जिथे टांगतात त्या हँगरजवळ आवाज बद्द आला. त्यानं टोक टेकवून जरा दाबलं तर स्क्रू ड्रायव्हर आत गेला. बाहेर ओढला तसा पत्र्याचा पापुद्रा निघून आला, एका बाजूनं काळा चकचकीत, दुसऱ्या बाजूनं लाल भुसा. मग फूटबोर्डाखालची पाणी जायची भोकं त्यानं दाखवली. सगळी त्या काळ्या लेपानं बुजलेली. एक मोकळं केलं तर लालसर पाणी किती तरी वेळ ठिबकत राहिलं. "मालक, काही न लावता ठेवली असती तर एवढी सडली नसती," तो म्हणाला. चेसी तोडून नवा पत्रा जोडायला आणि बाकी कामाला मिळून अडतीस हजार गेले.

डांबरी अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूला मारायचा डांबराचा लेप, ही मुळात वाईट वस्तू नाही. साफ करून प्रायमर मारलेल्या पत्र्यावर ती खडी आणि चिखलापासून राखण करते. गंजावर मारली की ओल आत कोंडते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्यामुळे फुगत जाऊन वरचा थर आतून उचलतो. वरून मात्र शेवटपर्यंत काळंभोर दिसतं.

शिरोलीच्या फौंड्रीत आयुष्य काढलेल्या एका स्नेह्यांनी पुढचं काम समोर उभं राहून करून घेतलं. त्यांचं म्हणणं, शॉट ब्लास्ट केलेलं, म्हणजे छऱ्यांच्या माऱ्यानं साफ केलेलं, ओतीव कास्टिंग पावसाळ्यात रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी लाल होतं, म्हणून साफ झालं की त्याच पाळीत प्रायमर. मोकळ्या लोखंडाला झिंकचा प्रायमर, कारण झिंक स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. पण तो लोखंडाला थेट टेकला तरच, गंजावर मारून उपयोग नाही. जिथे ब्रश पोचत नाही तिथल्या पातळ गंजाला फॉस्फरिक आम्लाचा कन्व्हर्टर, त्यानं गंज काळा पडून स्थिर होतो. जाड पापुद्र्यावर तोही फुकट जातो. जीपला चार दिवस लागले आणि प्रत्येक थराआधी त्यांनी मला बोलावून पत्रा दाखवला. तुम्हीही पत्रा उघडा असताना बघायला जा. आणि काम झाल्यावर आठवड्यानं एका कोपऱ्यात पेट्रोलचं फडकं घासा. नीट वाळलेला, ओलावा खाऊन घट्ट झालेला रंग असा विरघळून येत नाही.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा शेडला कुलूप होतं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. पण माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं, आणि गॅरंटी कार्डावर पत्ताही नव्हता. तुम्ही बिल घेतलंच पाहिजे. अडचण आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन लावा.

यंदा कागलच्या एका पिकअपवाल्याशी ओळख झाली. त्यालाही असंच फसवलेलं, शेड वेगळी, वर्ष वेगळं. त्यानं मोबाईलवर डब्याचा फोटो दाखवला. मी माझा काढून शेजारी धरला. तोच डबा. लेबलच्या डाव्या बाजूला खाली अंगठ्याएवढा पोचा आणि झाकणाच्या कडेला पांढरा डाग, दोन्ही फोटोंत एकाच जागी. त्या डब्याचं झाकण आजवर उघडलेलंच नाही. कोणी तुमच्यासमोर असा डबा ठेवला तर फोटो काढू नका, झाकण उघडायला सांगा आणि तुमच्या गाडीला ब्रश लागेपर्यंत तिथेच उभे राहा.