पीएचडीचा विषय: लीनमध्ये बसणारा की वहीतला?

एमएस्सी संपत आली की आमच्या नागपुरात घरोघरी एकच विचारणा: आता काय? माझ्या भाचीपुढे पीएचडीचे दोन विषय आहेत. एक कॉम्बिनेटोरिक्सचा, म्हणजे मोजणी-मांडणीच्या गणिताचा, ज्यातल्या सिद्धता लीनमध्ये, म्हणजे सिद्धता ओळीओळीने तपासणाऱ्या संगणकी भाषेत, पडताळता येतील. दुसरा पीडीईचा, म्हणजे पार्शल डिफरेन्शियल इक्वेशन्सचा, वही-पेनाचा. तर्री पोहे खाताना म्हणाली, “मामा, तुम्ही काय घेतलं असतं?”

वारं लीनकडे आहे, यात वाद नाही. 2023 च्या नोव्हेंबरात गॉवर्स, ग्रीन, मॅनर्स आणि टाओ या गणितज्ञांनी संचांच्या बेरजांविषयीचं एक जुनं अनुमान सिद्ध केलं, आणि तीनेक आठवड्यांत ते लीनमध्ये तपासूनही झालं. पुढच्या वर्षी टाओंनी 4694 बीजगणिती नियम मांडले आणि कोणता कोणातून निघतो हे विचारलं. जोड्या जवळपास 2 कोटी 20 लाख! यंत्र नसतं तर असला प्रश्न कुणी हाती धरला असता? तुकडे पाडून वाटता येतील असे प्रश्न रांगेत पुढे सरकलेत, आणि मला खरा बदल तोच वाटतो.

पीडीईला हा लाभ अजून नाही. मॅथलिब या लीनच्या सामायिक भांडारात तिथली पायाभरणी तोकडी आहे. वहीत दोन ओळींत संपणाऱ्या असमानतेसाठी आधी व्याख्या रचत बसायचं. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता 1995 मध्ये छापून आली, तरी ती लीनमध्ये आणायला गणितज्ञ केविन बझर्ड यांनी 2024 मध्ये काही वर्षांचं काम हाती घेतलं. तिथेही पायाच आधी भरावा लागतोय.

आणि लीनचा हट्ट वेगळाच. नैसर्गिक संख्यांत 2 वजा 3 केलं की तिथे 0 येतो. मला हे ठाऊक नव्हतं. ‘एन वजा 1’ असलेलं एक साधं सूत्र सिद्ध करता करता कूलरसमोर आख्खी दुपार गेली. शेवटी ‘सॉरी’ टाइप केलं. सिद्धता राहिली असेल तिथे लीन हा शब्द चालवून घेतं, फक्त पिवळी रेघ ओढतं.

गाइडचाही हिशोब हवा. त्यांनी लीन कधी उघडलंच नसेल, तर पहिलं वर्ष एकटीनेच चाचपडत काढावं लागेल. पीडीईत ते वही ओढून चूक दाखवतील. थीसिसमध्ये लीनचा कोड किती धरणार, हेही आधीच विचारून घ्यायचं.

मी पीडीई घेतलं असतं. पण भाचीला एकेका व्याख्येशी भांडायची हौस आहे. म्हणून म्हटलं, लीन शिकवणारा नॅचरल नंबर गेम ब्राउझरमध्ये फुकट चालतो, आधी तो खेळ. दोन अधिक दोन चार हे सिद्ध करतानाच कंटाळलीस, तर पीडीई घे.