बाळ लहान असताना चित्रकारानं काय निवडावं: नोकरी, फ्रीलान्स की स्वतःचं पुस्तक?

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पुण्यातल्या एका स्टुडिओत इलस्ट्रेटर, मुलगा अकरा महिन्यांचा. "ताई, सोडू का नोकरी? दिवसभर कुणाच्या तरी अ‍ॅपसाठी हत्ती-ससे काढते आणि माझा मुलगा पाळणाघरात. ह्यात माझं असं काय आहे?"

फोनवर तिला धड उत्तर देता आलं नाही. या तिन्ही वाटांनी मी गेले आहे. आधी सहा वर्षं नोकरी, मग फ्रीलान्स, आणि आता फ्रीलान्सच्या जोडीला स्वतःची चित्रपुस्तकं. मुलगी आता आठ वर्षांची आहे. तेव्हा तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहते. तिच्याच जागी उभ्या असलेल्या इतरांनाही उपयोग होईल.

पैसा

याचं लवकर आटपता येतं. नोकरीत पगार ठरलेल्या तारखेला होतो, पीएफ कापला जातो, आजारपणाची रजा असते. आणि बाळंतपणाची रजा! २०१७ च्या कायदादुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय करणं आस्थापनेवर बंधनकारक आहे. फ्रीलान्सरला यातलं काहीच नाही. बाबा-चित्रकारांसाठी सांगते: खाजगी नोकरीत पितृत्व रजेची कायदेशीर सक्ती नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. त्यामुळे नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते आधी वाचा.

फ्रीलान्समध्ये एका चित्राचे पैसे पगाराच्या हिशोबानं जास्त वाटतात, पण ते हातात कधी येतात ते बघा. पुस्तक छापून आल्यावर बिल, बिलावर बहुतेक ठिकाणी १० टक्के टीडीएस, आणि मग वाट पाहणं. दिवाळी अंकांची कामं आषाढ-श्रावणात येतात आणि गणपतीच्या सुमारास सगळ्यांनाच फायनल चित्रं हवी असतात. नेमक्या त्याच पावसाळी दिवसांत पाळणाघरातली मुलं एकामागून एक तापानं आजारी पडतात. माझे सलग तीन श्रावण असे गेले.

स्वतःच्या पुस्तकाचं गणित साधं आहे. किंमत १०० रुपये, रॉयल्टी ५ टक्के आणि आवृत्ती दोन हजार प्रतींची धरली, तर सगळी आवृत्ती संपल्यावर दहा हजार रुपये होतात. माझ्या पहिल्या २४ पानी पुस्तकाला आठ महिने लागले होते. ते पैशासाठी केलं नव्हतं, तरी हा हिशोब आधी मांडायला हवा होता.

वेळ

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. नोकरी सोडताना मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं, "आता मी घरीच आहे, मुलीजवळ." पण मी घरात असले तरी मुलीजवळ नव्हते. ती मांडीवर चढायची आणि माझं लक्ष स्क्रीनवर. ती रडायला लागली की मनात पहिल्यांदा यायचं, आता हे स्प्रेड, समोरासमोरच्या दोन पानांचं चित्र, आज होणार नाही. त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

आपल्या कामाचे तास सगळे सारखे नसतात. जलरंगाचा सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, एका दमात टाकावा लागतो. कड ओली आहे तोवर पुढचा ब्रश गेला नाही, तर रेघ वाळते आणि ती कायमची. त्या मिनिटाला बाळ उठलं तर कागद गेला. टॅब्लेटवर रंग भरताना मात्र जिथे थांबलात तिथूनच पुन्हा सुरू करता येतं. म्हणून मुलीच्या पहिल्या तीन वर्षांत जलरंग, शाई, बोरू सगळं वरच्या फळीवर गेलं. काही रंगांत कॅडमियम हा विषारी धातू असतो आणि रांगतं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, हेही कारण होतंच.

साधनं बदलून निम्मंच भागतं. थंबनेल्स काढणं, म्हणजे गोष्ट किती पानांत मोडायची, कुठे पान उलटल्यावर वाघ दिसायचा, कुठे पान रिकामं ठेवायचं, हे काम बाळाच्या चाळीस मिनिटांच्या झोपेत होत नाही. त्याला सलग दोन-अडीच तास लागतात. हे तास कोणती वाट देते?

नोकरी देते, पण ते मालकाच्या गोष्टीसाठी. फ्रीलान्स घरून केलं तर कोणालाच मिळत नाहीत, मूल दुसऱ्या कोणी सांभाळत नसेल तोवर. आजी घरात असेल, सांभाळणाऱ्या मावशी असतील किंवा बालवाडी सुरू झाली असेल, तरच फ्रीलान्सचा विचार करा असं मी आता सरळ सांगते. पाळणाघराचे पैसे वाचावेत म्हणून फ्रीलान्स करायचं ठरवत असाल, तर कृपा करून ठरवू नका. ते पैसे तुमच्या झोपेतून वसूल होतात.

हक्क

चित्रकला महाविद्यालयात आम्हाला अ‍ॅनाटमी शिकवली, कॅलिग्राफी शिकवली, पण १९५७ चा कॉपीराइट कायदा कोणी समजावून सांगितला नाही.

नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. फ्रीलान्समध्ये सगळं कागदावर अवलंबून असतं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच छापील करारांत "कायमस्वरूपी, संपूर्ण जगात, सर्व माध्यमांत" ही ओळ असते. मी एकदा ती न वाचता सही केली. मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती आणि घरभाडं द्यायचं होतं. मी काढलेली एक खार पुढे दप्तरांवर, कंपासपेटीवर, पाण्याच्या बाटलीवर दिसली. माझं नाव कुठेच नव्हतं. हक्क दिल्यानंतरही आपण त्या कामाचे कर्ते आहोत असं सांगण्याचा अधिकार कायद्याच्या कलम ५७ नुसार आपल्याकडेच राहतो, हे मला फार उशिरा कळलं.

खुल्या परवान्याचा मार्गही आहे. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून खुल्या परवान्याखाली पुस्तकं ठेवलेली आहेत. तिथली चित्रं कुणीही नव्या भाषेत, नव्या गोष्टीत वापरू शकतं, चित्रकाराचं नाव देऊन. दर वापराचे पैसे नाहीत, पण चित्र जिथे विकत पुस्तक पोचत नाही तिथे पोचतं. हे डोळे उघडे ठेवून स्वीकारावं, नाइलाजानं नव्हे.

"ह्यात माझं असं काय आहे?"

मैत्रिणीचा खरा प्रश्न हा होता. तिला वाटतं, नोकरी सोडली की ते सापडेल. मला तसं वाटत नाही. नोकरीतल्या हत्तीत आपलं काही नसतं हेही मला पटत नाही. माझी लेक दोन वर्षांची असताना मी अंकओळखीच्या पुस्तकासाठी बदकं काढत होते, मागणी अगदी कंटाळवाणी. एके दिवशी तिनं स्क्रीनवरच्या बदकाला भात भरवायचा प्रयत्न केला. त्यानंतर मी बदकांचे डोळे वेगळे काढायला लागले. दोन वर्षांचं मूल चित्रात आधी डोळे शोधतं, हे मी तिच्याकडून शिकले.

आपल्याकडे मोठं उदाहरण चित्रकार दीनानाथ दलालांचं आहे. मडगावचा हा माणूस मुंबईत इतरांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं काढून पोट भरत होता, आणि १९४५ मध्ये त्यानं 'दीपावली' हा स्वतःचा दिवाळी अंक काढला. म्हणून मुखपृष्ठांची कामं बंद केली नाहीत. दोन्ही शेवटपर्यंत चालू राहिलं. मला हा क्रम पटतो: मागणीच्या कामातून हात तयार ठेवायचा आणि स्वतःची एक जागा, कितीही लहान, बाजूला राखायची.

मग तिनं काय करावं?

मूल अकरा महिन्यांचं आहे, सासूबाई सांगलीला आहेत, नवऱ्याची नोकरी फिरतीची आहे. तिनं आत्ता नोकरी सोडू नये. रविवारी सकाळी तीन तास नवऱ्यानं बाळाला घेऊन बाहेर जावं आणि तिनं फक्त थंबनेल्स काढावीत. बाकी रंगकाम रात्री तुकड्यातुकड्यानं होईल. मूल तीन वर्षांचं होऊन बालवाडीत जायला लागलं आणि हातात सहा महिन्यांचा घरखर्च साठला, की फ्रीलान्सचं पुन्हा बोलू.

ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत किंवा मूल शाळेत आहे, त्यांना मी उलट सांगेन: सोडा, पण आधी दोन प्रकाशकांची कामं लेखी हातात घेऊन.

आणि तिनं या आठवड्यातच एक गोष्ट करावी. एचआरला मेल लिहून नेमणूकपत्रात एक ओळ घालून घ्यावी, की कार्यालयीन वेळेबाहेर, स्वतःच्या साधनांवर केलेल्या कामाचे हक्क तिचेच राहतील. कायद्यात "वेगळा करार नसेल तर" हे शब्द आहेत, ते याचसाठी वापरायचे. तिच्याकडे एका आंधळ्या मांजराच्या गोष्टीची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, अर्धी तयार आहे. मी पाहिली आहे. ती दुसऱ्या कुणाच्या नावावर जायला नको.